इ. स. ७० नंतरचे यहुदी

गेल्या वर्षीच्या प्रायश्चित्तकाळात आम्ही आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात यहुदी लोकांचा इतिहास, भाषा आणि साहित्य ह्या विषयावर पाच जाहीर व्याख्याने ठेवली होती. पहिले होते 'येशूच्या काळचे यरुशलेम'. सभागृह भरून गेले. उशिरा आलेल्यांसाठी चर्चमधून बाके आणावी लागली. दुसरे संदेष्ट्यांवर, तेही उत्तम झाले, पुष्कळांनी वह्यांत टिपणे घेतली. तिसऱ्या व्याख्यानाचा प्रारंभ इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने यरुशलेमचे मंदिर जाळले त्या घटनेपासून व्हायचा होता. त्या संध्याकाळी आम्ही माणसे मोजली. एकतीस. चौथ्याला बावीस. पाचवे व्याख्यान आपल्या कोकणातील बेने इस्राएल समाजावर होते. त्याला चौदा जण आले, आणि त्यांतील तिघे किल्ल्या, पंखे व चहा सांभाळण्यासाठी आलेले होते.

व्याख्यानमाला संपल्यावर एक ज्येष्ठ, सुविद्य आणि मनाने निर्मळ असे गृहस्थ आम्हांला भेटले व म्हणाले, "फादर, पहिली दोन फार छान झाली. पुढचं काही आपल्या कामाचं नव्हतं."

हे वाक्य आमच्या मनातून जाईना. आपल्या कामाचे म्हणजे कोणते? ज्या समाजात पवित्र मरिया जन्मली, ज्या समाजातून बाराही प्रेषित आणि पौल आला, तो समाज आपल्या कामाचा. आणि त्याच समाजाच्या नातवंडा-पतवंडांचा विषय निघाला की आपले काम संपले! यहुदी लोक आपल्याला प्रस्तावनेपुरते हवे आहेत. ते अब्राहाम, मोशे, दावीद ह्यांना आणून आपल्या दारात उभे करतात, आणि मग त्यांनी रंगमंचावरून निघून जावे अशी आपली अपेक्षा असते. ते गेले नाहीत, गेली जवळजवळ दोन हजार वर्षे ते जगले, लिहीत राहिले, गात राहिले, मारले गेले व पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत कुठेच बसत नाही.

दोष खाली बसलेल्या श्रोत्यांचा नाही. तो वर उभे राहून बोलणाऱ्यांचा आहे, आणि त्यांत आम्ही पहिले. आमच्या दीक्षेपासूनची जुनी प्रवचने आम्ही ह्या निमित्ताने काढून चाळली. 'परुशी' हा शब्द आम्ही किती वेळा शिवीसारखा वापरला आहे, हे पाहून आम्हांलाच लाज वाटली. पंचायतीतला ढोंगी पुढारी परुशी, देणगीची पाटी लावून घेणारा परुशी, चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसून शेजाऱ्याशी बांधावरून भांडणारा परुशी! ऐकणारे हसत, आणि आम्हांला वाटे की प्रवचन रंगले. हेरोद तुम्हांला ठार मारू पाहतो आहे, येथून निघून जा, असा इशारा येशूला देणारे परुशीच होते, हे लूकच्या तेराव्या अध्यायात आहे. न्यायसभेत उभे राहून प्रेषितांचा जीव वाचवणारा गमालिएल परुशी होता. आणि पौलाने न्यायसभेपुढे स्वतःला परुशी म्हटले ते वर्तमानकाळात. आपण पूर्वी परुशी होतो, असे तो म्हणाला नाही. ही वचने आम्हांला पाठ होती. प्रवचनात मात्र ती कधी आली नाहीत, कारण ती आली असती तर शिवीची धार गेली असती.

येथे एक ऐतिहासिक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. मंदिर जळाले तेव्हा यज्ञ थांबले, याजकांचे काम संपले. सदूकी नाहीसे झाले. टिकली ती परुशांची परंपरा. योहानान बेन झक्कई ह्या गुरूला त्याच्या शिष्यांनी वेढलेल्या शहरातून शवपेटीत घालून बाहेर काढले आणि त्याने याव्ने येथे पुन्हा शाळा सुरू केली, अशी कथा आहे. कथेचा तपशील कोणी नाकारील. शाळा नाकारता येत नाही. त्या परंपरेतून इ. स. २०० च्या सुमारास मिश्ना सिद्ध झाली, पुढच्या शतकांत तालमूद झाला, आणि यज्ञवेदी गमावलेला समाज घरातल्या जेवणाच्या मेजाभोवती आणि ग्रंथाभोवती उभा राहिला. आजचा प्रत्येक यहुदी ह्या अर्थाने परुशांचा वंशज आहे. आम्ही रविवारी ज्यांना हसवून हिणवत होतो, त्यांची मुलेबाळे जिवंत आहेत. ती आपल्या सभागृहात येऊन बसली असती, तर आम्ही तेच बोललो असतो काय?

"हे सगळं नवं कुठून काढलं?" असेही आम्हांला विचारण्यात आले. नवे ह्यात काहीच नाही. गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतील यहुद्यांविषयीचे अपमानास्पद विशेषण तेविसावे पोप जॉन ह्यांनी १९५९ मध्येच काढून टाकले. १९६० च्या जून महिन्यात झ्यूल इझाक नावाचे वृद्ध फ्रेंच इतिहासकार त्यांना भेटले. त्यांची पत्नी व कन्या आउश्वित्झमध्ये मारल्या गेल्या होत्या. ख्रिस्ती धर्मशिक्षणात यहुद्यांविषयीचा तिरस्कार शतकानुशतके कसा शिकवला गेला, ह्याचे टिपण त्यांनी पोपमहोदयांच्या हाती ठेवले. त्याची परिणती म्हणजे २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने घोषित केलेले 'नॉस्त्रा एताते' हे निवेदन. बाजूने २२२१ मते, विरोधात ८८. त्याच्या चौथ्या परिच्छेदाने येशूच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सर्व यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर सरसकट लादण्यास मनाई केली. प्रवचनांतून आणि धर्मशिक्षणातून यहुद्यांचे चित्र कसे रंगवावे ह्याविषयी रोमने १९७४ मध्ये व पुन्हा १९८५ मध्ये सविस्तर सूचना दिल्या. दुसरे पोप जॉन पॉल १३ एप्रिल १९८६ रोजी रोमच्या सिनेगॉगमध्ये गेले आणि त्यांनी यहुद्यांना वडीलबंधू म्हटले. २०१९ च्या मे महिन्यात रोममध्ये परुशी ह्याच विषयावर एक आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि पोप फ्रान्सिस तिच्या विद्वानांशी बोलले. परिषदेला साठ वर्षे होऊन गेली. मिस्सा मराठीतून आली, वेदी लोकांकडे वळली, गिटार आली, पंखे आले. चौथा परिच्छेद अजून वाटेतच आहे.

आमच्या सेमिनरीतील दिवसांविषयीही दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर हा सारा आरोप दुसऱ्यांवर केल्यासारखा होईल. आम्ही पुण्यात शिकलो. हिब्रू भाषा आम्हांला वर्षभर होती. क्रियापदाची रूपे घोकली, उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाची ओळख झाली, परीक्षा दिली आणि ती वही पेटीच्या तळाशी गेली. डेव्हिड ससून ह्यांनी बांधवलेल्या पुण्याच्या लाल देवळावरून आम्ही सायकलने कितीदा गेलो असू ह्याची गणती नाही. आत एकदाही गेलो नाही. ज्या भाषेची रूपे आम्ही घोकत होतो त्या भाषेत दर शनिवारी तेथे माणसे प्रार्थना करीत होती, आणि आम्हांपैकी एकाच्याही मनात दार ठोठावण्याचा विचार आला नाही. त्याच पुणे शहरात १८७४ मध्ये वल्हांडणाच्या रात्री वाचायचा 'हग्गादा' हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर अशा रूपात छापला गेला होता, हे आम्हांला पन्नाशीच्या उंबरठ्यावर कळले. त्यातील चित्रांत बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया लुगडी नेसून जमिनीवर बसलेल्या आहेत! निर्गमाची कथा आपल्या आजीच्या स्वयंपाकघरात आणून बसवणारे ते पुस्तक आमच्या अभ्यासक्रमात नव्हते. जर्मन विद्वानांची भाष्ये होती.

आता ज्या तिसऱ्या आणि चौथ्या व्याख्यानांना माणसे आली नाहीत, त्यांत काय होते ते थोडे सांगतो.

यहुदी लोकांची भाषा हिब्रू, असे एका वाक्यात आपण शिकतो. प्रत्यक्षात ह्या लोकांनी ज्या ज्या देशात आसरा घेतला, तेथली भाषा आपलीशी केली, तिच्यात आपले हिब्रू शब्द मिसळले, आणि बहुधा ती आपल्याच लिपीत लिहिली. येशूच्या ओठी असलेली अरामी भाषा तालमूदची झाली, आणि मृतांसाठी म्हणावयाची 'कद्दिश' ही प्रार्थना आजही त्याच भाषेत म्हटली जाते. बाराव्या शतकातील महापंडित मैमोनिदेस ह्यांनी आपला मुख्य तत्त्वज्ञानग्रंथ अरबीत लिहिला, अक्षरे मात्र हिब्रू. त्यांच्या विचारांचा उपयोग संत थॉमस अक्वायनस ह्यांनी आदराने केला, त्यांना 'रब्बी मोशे' म्हणून. आम्ही सेमिनरीत अक्वायनस शिकलो आणि रब्बी मोशे तळटीपेत राहिले. १४९२ मध्ये स्पेनच्या कॅथलिक राजाराणीने यहुद्यांना हाकलून लावले, तेव्हा ते लोक आपली स्पॅनिश बरोबर घेऊन गेले आणि सालोनिका, इस्तंबूल ह्या शहरांत चारशे वर्षे ती लादिनो ह्या नावाने बोलत राहिले. ज्या देशाने घराबाहेर काढले त्या देशाची भाषा त्यांनी अंगाईत जपली. १९४३ मध्ये सालोनिकाचे जवळजवळ सारे यहुदी, सुमारे पन्नास हजार माणसे, आगगाडीच्या डब्यांत कोंबून आउश्वित्झला नेण्यात आले आणि त्या शहरातली लादिनो थांबली. पूर्व युरोपातली यिद्दिश दुसऱ्या महायुद्धापूर्वी कोटीभर लोक बोलत असत. साठ लाख यहुद्यांची हत्या झाली, त्यांत बहुसंख्य ह्याच भाषेचे होते. अशा भाषेत उरलेल्या थोड्या वाचकांसाठी आयझॅक बाशेविस सिंगर न्यूयॉर्कमध्ये बसून कथा लिहीत राहिले आणि १९७८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याआधी १९६६ मध्ये हे पारितोषिक दोघांना विभागून गेले होते: हिब्रूत लिहिणारे अग्नोन, आणि नाझींपासून पळून स्वीडनमध्ये राहिलेल्या, तरीही जर्मनमध्येच कविता लिहिणाऱ्या नेली साख्स. एकाच समाजाचे दोन साहित्यिक एकाच व्यासपीठावर, आणि भाषा दोन; त्यांतली एक मारेकऱ्यांची! एवढे एक चित्र डोळ्यांपुढे आणले तरी व्याख्यानाचे सार्थक झाले असते.

शतकानुशतके केवळ प्रार्थना, पत्रे आणि पद्यरचना ह्यांत जगलेली हिब्रू पुन्हा घरात बोलली जावी म्हणून एलिएझर बेन येहुदा ह्यांनी १८८१ मध्ये यरुशलेमला येऊन स्वतःच्या संसारापासून सुरुवात केली. त्यांच्या मुलाच्या कानावर हिब्रूखेरीज दुसरी भाषा पडू द्यायची नाही, असा त्यांचा कडक नियम होता. हे ऐकायला आमचे मराठीप्रेमी बंधू यायला हवे होते. मराठी शाळेच्या पटावर मुले नाहीत म्हणून ते आमच्याकडे अश्रू ढाळतात. त्यांच्या नातवंडांशी ते स्वतः कोणत्या भाषेत बोलतात, हे मिस्सा सुटल्यावर अंगणात आम्हांला ऐकू येते.

आणि कैरोच्या 'गेनिझा'ची गोष्ट! देवाचे नाव ज्यावर असू शकेल असा कोणताही कागद फेकायचा नाही, ह्या श्रद्धेने कैरोतील बेन एझ्रा सिनेगॉगच्या एका कोठडीत लोक शेकडो वर्षे जुने कागद टाकत राहिले. धर्मग्रंथांची पाने, आणि त्यांच्याबरोबर लग्नाचे करार, उधारीच्या चिठ्ठ्या, रागावलेल्या सासूची पत्रे, मुलांच्या अक्षरगिरवणीच्या पाट्या. १८९६-९७ मध्ये सॉलोमन शेख्टर ह्यांनी त्यांतले दोन लाखांच्या आसपास तुकडे केंब्रिजला नेले. ह्याच कागदांत अब्राहाम बेन यिजू नावाच्या व्यापाऱ्याची पत्रे सापडली. तो बाराव्या शतकात आपल्याच किनाऱ्यावर, मंगळुरात, कित्येक वर्षे राहिला, आशू नावाच्या इथल्या दासीला मुक्त करून तिच्याशी त्याने संसार केला आणि मिरी, वेलची व पितळेची भांडी समुद्रापार पाठवली. अमिताव घोष ह्यांनी १९९२ मध्ये त्याच्यावर एक सुंदर इंग्रजी पुस्तक लिहिले. आमच्या धर्मग्रामातल्या जुन्या हस्तलिखित गीतांच्या वह्या कुठे आहेत, असे आम्ही त्या रात्री चौकशी करून विचारले. काही वाळवीने खाल्ल्या, उरलेल्या रंगकामाच्या वेळी रद्दीत गेल्या.

चौथ्या व्याख्यानानंतर बावीस जणांपैकी एका तरुणाने प्रामाणिकपणे विचारले, "पण फादर, हे सगळं स्पेनमध्ये, पोलंडमध्ये घडलं. त्यात आपल्या लोकांचा काय संबंध?"

संबंध आहे, आणि तो सुखाचा नाही. स्पेनमधून हाकललेल्या पुष्कळ यहुद्यांनी पोर्तुगालचा आसरा घेतला, आणि १४९७ मध्ये तेथे त्यांना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला. अशाच एका कुटुंबातला गार्सिया द ऑर्ता हा वैद्य १५३४ मध्ये गोव्यास आला. मुंबईचे बेट पोर्तुगीज राजाकडून त्याला खंडाने मिळाले होते. आपल्या आंब्याफणसांवर, हळदीवर, हिंगावर, इथल्या वैद्यांच्या औषधांवर त्याने संवादरूपाने लिहिलेला ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. आशियातल्या वनस्पतींची युरोपला इतकी नीट ओळख त्याआधी कोणी करून दिली नव्हती. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, गुप्तपणे यहुदी धर्म पाळल्याच्या आरोपावरून, त्याची बहीण कातारिना हिला गोव्याच्या धर्मन्यायालयाच्या निवाड्यानुसार जाळण्यात आले. आणि १५८० मध्ये खुद्द ऑर्ताची हाडे थडग्यातून उकरून काढून जाळली गेली. मेलेल्या माणसाची हाडे! हे धर्मन्यायालय गोव्यात १५६० मध्ये आले. ते आणावे अशी विनंती संत फ्रान्सिस झेविअर ह्यांनी १५४६ मध्येच राजाला पत्राने केली होती. आम्ही झेविअरांचे भक्त आहोत, जुन्या गोव्याला त्यांच्या पायाशी गुडघे टेकले आहेत व पुन्हाही टेकू. संताच्या पुण्याईने त्याची चूक पुसली जात नाही, एवढेच आमचे म्हणणे आहे. दुसरे पोप जॉन पॉल ह्यांनी २००० च्या मार्च महिन्यात चर्चच्या लेकरांच्या अशा पापांबद्दल देवाची क्षमा मागितली, आणि त्याच महिन्यात यरुशलेमच्या पश्चिम भिंतीच्या फटीत क्षमायाचनेची चिठ्ठी स्वहस्ते ठेवली. वसई, साष्टी, गोवा येथला आपला विश्वास ज्या जहाजांतून आला त्याच जहाजांतून ते न्यायालयही आले. हे ज्याला ठाऊक नाही त्याला ती चिठ्ठी कोणाच्या वतीने लिहिली होती, हे कसे कळणार?

उरले पाचवे व्याख्यान, चौदा माणसांचे. ह्याच्याइतके दुःख आम्हांला दुसऱ्या कशाचेही झाले नाही, कारण येथे तर दूरदेशचा प्रश्नच नव्हता. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली आणि त्यांच्यापासून आपला समाज वाढला, अशी बेने इस्राएल लोकांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून गावकरी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणकर, केहीमकर, राजपूरकर, दिवेकर ही त्यांची आडनावे. गाव गेले तरी गावाचे नाव अंगावर. हिब्रू विसरली होती तरी सण विसरले नव्हते, आणि त्यांना नावे शुद्ध मराठी होती: नव्याचा सण, खिरीचा सण, आणि प्रायश्चित्ताच्या महान दिवसासाठी दारफाळणीचा सण, कारण त्या दिवशी घराची दारे बंद. एलिया संदेष्ट्याच्या नावाने पोहे, खोबरे, साखर व फळे ह्यांचा मलिदा ते आजही करतात. मुंबईत सॅम्युअल इझिकेल दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग बांधले. त्याला हे लोक मशीदच म्हणत. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहाम, योसेफ, मोशे ह्यांच्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला प्रारंभ केला. वाचकहो, जरा थांबून विचार करा. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी १६१६ मध्ये आपल्या 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या पुराणात जुन्या कराराची कथा मराठी ओव्यांत गायिली. ज्या लोकांची ती कथा, त्यांनी अडीचशे वर्षांनंतर त्याच मराठीत ती वीणा-टाळांवर उभी केली. एक किनारा, एक भाषा, एक योसेफ, आणि दोघांची एकमेकांशी ओळख नाही!

ह्याच समाजातून मुंबईचे महापौर डॉ. ई. मोझेस आले, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आमचे निम्मे धर्मग्रामस्थ कामाला जातात. ह्याच समाजातले कवी निसीम इझिकेल. ते इंग्रजीत लिहीत, तरी इंदिरा संतांच्या कविता इंग्रजीत नेण्यासाठी त्यांनी हातभार लावला. एस्थर डेव्हिड ह्यांच्या 'बुक ऑफ रेचल' ह्या कादंबरीला २०१० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि तिची नायिका अलिबागच्या किनाऱ्यावर सिनेगॉग राखत एकटी राहणारी वृद्धा आहे. १९४८ नंतर बहुतेक कुटुंबे इस्राएलला गेली. तेथे १९६० नंतर त्यांच्या यहुदीपणावरच धर्माधिकाऱ्यांनी शंका घेतली, विवाह अडवले, आणि १९६४ मध्ये त्यांना धरणे धरून आपला हक्क मिळवावा लागला. त्या देशातून ह्या लोकांचे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघत आले आहे. येथे उरले ते थोडे हजार. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अल्पसंख्याक म्हणजे काय हे आपण तरी सांगण्याची गरज नसावी.

आक्षेप दोन आले, आणि ते परस्परांच्या अगदी उलट होते. एका बंधूंनी म्हटले, "गाझात लहान मुलं मरताना आपण पाहिली, आणि तुम्ही यहुद्यांवर व्याख्यानं ठेवता?" ह्या प्रश्नातल्या वेदनेपुढे आम्ही मान लववतो. २०२३ च्या ७ ऑक्टोबरला हमासने सुमारे बाराशे माणसे मारली. त्यानंतरच्या युद्धात गाझात हजारो निरपराध, त्यांत असंख्य बालके, बळी पडली. तेथल्या आपल्या कॅथलिक धर्मग्रामाला पोप फ्रान्सिस अखेरपर्यंत जवळजवळ रोज संध्याकाळी दूरध्वनी करीत, आणि १७ जुलै २०२५ रोजी त्याच चर्चवर इस्राएली तोफगोळा पडून तीन माणसे दगावली. त्यांच्यासाठी आम्ही सभागृहातच प्रार्थना केली. पण एखाद्या सरकारच्या कृत्याचा जाब मंगळुरातल्या बेन यिजूला, सालोनिकाच्या आयांना किंवा पेणच्या तेल्याला विचारायचा, ही जुनीच सवय आहे. चौथा परिच्छेद तिच्याचविरुद्ध लिहिला गेला. शिवाय 'येशूच्या काळचे यरुशलेम' ह्या व्याख्यानाला हे बंधू पहिल्या रांगेत होते. तेव्हा त्यांना गाझा आठवले नव्हते.

दुसरे बंधू इस्राएलचे निस्सीम चाहते. त्यांना ठिबक सिंचन हवे होते, सैन्य हवे होते, 'त्यांच्याकडून शिकायला पाहिजे' हे वाक्य हवे होते. तालमूद आल्यावर ते उठले. शत्रू आणि चाहता, दोघांनाही यहुदी माणूस नको होता. आपापल्या भांडणासाठी त्याचा झेंडा तेवढा हवा होता.

ह्याच जातीचा तिसरा प्रकार म्हणजे आपली पवित्र भूमीची यात्रा, आणि येथे बोट पुन्हा आमच्याकडेच वळते, कारण दोन वेळा आम्हीच ती नेली आहे. दहा दिवसांत आम्ही दगड पाहिले, चर्चे पाहिली, यार्देनचे पाणी बाटल्यांत भरले, जैतुनाच्या लाकडाच्या जपमाळा घासाघीस करून घेतल्या. वाटाड्याखेरीज एकाही यहुदी माणसाशी आमचे बोलणे झाले नाही. बस विमानतळावरून निघाली, ती लोद शहराच्या अगदी जवळून. त्या शहरात मराठी बोलणारी कुटुंबे राहतात, त्यांच्या घरी पुरणपोळीही होते. बसमध्ये चाळीस मराठी माणसे होती. आम्ही मागच्या बाजूला बसून रोझरीची तिसरी माळ सुरू केली होती.

येत्या प्रायश्चित्तकाळात व्याख्याने पुन्हा होतील. सभागृह समितीने शुक्रवार मोकळे नसल्याचे कळवले आहे, म्हणून आम्ही गुरुवार धरले आहेत, संध्याकाळी सात वाजता. ह्या खेपेस निम्म्या व्याख्यानांना वक्ते बेने इस्राएल समाजातले असतील. अलिबागकडील एका वृद्ध गृहस्थांनी मलिद्याचे ताट घेऊन यायचे कबूल केले आहे, ते ताट कसे वाढावे हे त्यांच्याकडूनच शिकायचे आहे. पहिले व्याख्यान इ. स. ७० पासून सुरू होईल. ज्यांना त्याच्या आधीचे हवे आहे त्यांनी रविवारी मिस्साला यावे. ते तेथे दर आठवड्याला वाचले जाते.